पोहोचल्यानंतरचा दिवा

धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा असा महाराष्ट्र आडवा पार करून आलेला राष्ट्रीय महामार्ग राजनांदगाव आणि दुर्ग ओलांडून भिलाईत शिरतो. इथले लोक त्याला जीई रोड म्हणतात. या रस्त्यावरून पोलाद लादलेले ट्रेलर, रायपूरच्या बस, कामाच्या पाळीला निघालेल्या मोटरसायकली आणि सायकली असे सगळे एकत्र वाहत असते. त्यातच एखादी रुग्णवाहिका नेहरूनगर, स्मृतीनगरच्या बाजूने जुनवानीकडे वळते. जुनवानीत शंकराचार्य वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, त्यामुळे सायरनचा आवाज या वस्तीला नवा नाही. छत्तीसगडमध्ये 2018 पासून पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी 112 हा एकच क्रमांक आहे. ‘एक्के नम्बर, सब्बो बर’ हे त्याचे छत्तीसगढी ब्रीद त्या गाड्यांसोबत रस्त्यारस्त्यांवर पोहोचले आहे.

धावत्या रुग्णवाहिकेचा दिवा आणि भोंगा काय मागतात हे शाळकरी पोरालाही कळते. वाट द्या, एवढेच त्यांचे मागणे असते. पण तीच गाडी अपघाताच्या जागी येऊन थांबली की दिव्याचे काम बदलते. आता तिला वाट नको असते. उलट वाटेतला एक भाग तिने अडवलेला असतो, आणि तो अडवला आहे हे मागून येणाऱ्याला वेळेत कळणे हा तिच्यासोबतच्या माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो. धावताना हाक मारणारा दिवा थांबल्यावर इशारा देणारा व्हायला हवा. ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांना लागणारा प्रकाशही वेगळा आहे. आपल्याकडे हा फरक फारसा शिकवला जात नाही, म्हणून या प्रकरणात त्यावर थोडे थांबायचे आहे.

5 ऑक्टोबर 2022. त्या दिवशी दसरा होता. मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूवर रात्र सरता सरता एक अपघात झाला. जखमींना न्यायला रुग्णवाहिका आली. सेतूवरचे कर्मचारी मदतीला धावले, आणखी काही गाड्या थांबल्या. मागून भरधाव आलेली एक मोटार या उभ्या गाड्यांवर, रुग्णवाहिकेवर आणि रस्त्यावर उभ्या माणसांवर आदळली. पाच जण गेले. मृतांमध्ये मदतीला आलेले सेतूचे कर्मचारीही होते. पहिल्या अपघातातल्या माणसांना वाचवायला गेलेले दुसऱ्या अपघातात गेले.

पुढच्या वर्षी अहमदाबादेत तसेच घडले. 20 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर इस्कॉन पुलावर एक गाडी डंपरवर आदळली होती. ते पाहायला गर्दी जमली, पोलीस पोहोचले. तेवढ्यात एक आलिशान मोटार त्या गर्दीत घुसली. नऊ जण ठार झाले. त्यात कर्तव्यावर असलेला एक पोलीस शिपाई होता आणि एक होमगार्डही. न्यायवैद्यक तपासणीत त्या मोटारीचा वेग ताशी 140 किलोमीटरच्या वर निघाला. अशा वेगापुढे कुठलाही दिवा अपुराच पडेल, हे मान्य. तरीही एक गोष्ट दोन्ही ठिकाणी सारखी आहे: माणसे उघड्या रस्त्यावर उभी होती आणि त्यांच्या व वाहतुकीच्या मध्ये भक्कम असे काही नव्हते.

तिसरे उदाहरण वैजापूरजवळचे, समृद्धी महामार्गावरचे. 15 ऑक्टोबर 2023 च्या रात्री परिवहन विभागाच्या पथकाने एक ट्रक थांबवला, आणि दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर त्यावर मागून आदळला. 12 जणांचा मृत्यू झाला. पुढे त्या पथकातल्या दोन अधिकाऱ्यांना अटकही झाली. इथे आधी अपघात झालेला नव्हता. द्रुतगती रस्त्यावर एखादे वाहन थांबवणे हीच मुळात आपत्कालीन घटना असते, ती तितक्याच तयारीने हाताळावी लागते, हे मात्र त्या रात्रीने दाखवून दिले.

थोडा हिशेब मांडू. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 22 मीटर. रात्री समोर काहीतरी आहे हे दिसणे, ते उभे आहे हे उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे, यात सहज अडीच सेकंद जातात. तेवढ्यात 55 मीटर संपले. नंतर मागच्याला धडक बसणार नाही असा बेताचा ब्रेक लावला, तर आणखी 70-75 मीटर. एकूण 130 च्या घरात. समृद्धीवर मोटारींना मुभा असलेल्या ताशी 120 च्या वेगाला हाच आकडा 245 मीटरपर्यंत जातो. खाली झुकवलेल्या हेडलाइटमध्ये मात्र चालकाला नीट दिसते ते साधारण 50 ते 60 मीटर. म्हणजे फक्त हेडलाइटच्या भरवशावर येणाऱ्याला उभी गाडी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. इशारा गाडीच्या कितीतरी मागे सुरू व्हायला हवा, आणि हे काम एकट्या टपावरच्या दिव्यांवर सोपवून चालत नाही. त्यासाठी शंकू, चमकते त्रिकोण, बाण दाखवणारा फलक किंवा निदान हातात दिवा घेऊन कठड्याच्या आड उभा राहिलेला माणूस लागतो.

आता दिव्यांकडे येऊ. इथे सामान्य समज अगदी उलटा आहे. जितके जास्त दिवे, जितके प्रखर, तितकी सुरक्षितता, असे वाटते. दिवसा ते बऱ्याच अंशी खरेही आहे. भर उन्हात मिणमिणता दिवा दिसतच नाही. पण रात्री डोळ्याचा कारभार बदलतो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर प्रखर प्रकाश पडला की तो डोळ्याच्या आतच विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर एक दुधी पडदा धरतो. दिवा लख्ख दिसतो, पण दिव्याशेजारी वाकून स्ट्रेचर उचलणारा माणूस त्या पडद्याआड जातो. अमेरिकेत बचाव कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी झालेल्या चाचण्यांमध्ये हेच दिसले: मंद केलेले दिवेही चालकांना पुरेशा अंतरावरून कळत होते, प्रखर दिव्यांनी त्यात फार भर पडत नव्हती, वाढत होती ती दिपवणूक. गाडीच्या पाठीवर फार तेजस्वी चमकपट्ट्या असल्या, तर शेजारी उभ्या माणसाच्या जाकिटावरची पट्टीही त्यात हरवत होती.

रंगाचाही परिणाम असतो. उजेडात आपला डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, अंधारात तो कल निळ्या-हिरव्याकडे सरकतो आणि लाल रंग काळवंडत जातो. जान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने 19 व्या शतकात हे टिपले. त्यामुळे रात्री निळा दिवा दुरून टोचतो, पण जवळ आल्यावर तोच अधिक दिपवतो. पांढऱ्या लखलखत्या दिव्याचेही तसेच. धावताना हा टोचरेपणा उपयोगाचा, थांबल्यावर अडचणीचा. अमेरिकी अग्निशमन गाड्यांच्या मानकात म्हणून दिव्यांच्या दोन अवस्था वेगळ्या केलेल्या आहेत. वाट मागताना पांढरे दिवे चालतात, वाट अडवून उभे राहिल्यावर ते बंद करायचे असतात. जर्मनीच्या वाहतूक नियमांत हा भेद आणखी स्पष्ट आहे. निळा दिवा आणि भोंगा एकत्र आला तर सगळ्यांनी ताबडतोब वाट मोकळी करायची. एकटा निळा दिवा अपघाताच्या किंवा कामगिरीच्या जागी सावध करण्यासाठी वापरता येतो. चालकाला नुसत्या ऐकण्या-पाहण्यावरून कळते की ही गाडी येते आहे की उभी आहे.

हे कळणे फार मोलाचे आहे. रात्री नुसते लुकलुकणारे ठिपके पाहून गाडी पुढे चालली आहे की थांबली आहे, आपण तिच्या किती जवळ आलो, याचा अंदाज डोळ्याला बांधता येत नाही, कारण प्रत्येक लुकलुकीनंतरच्या अंधारात तो आधार हरवतो. शेजारी एखादा स्थिर दिवा असेल, दिव्यांची लय संथ आणि एकसमान असेल, गाडीची रुंदी दाखवणाऱ्या पट्ट्या असतील, तर आकार दिसतो आणि आकार मोठा होत चाललेला दिसला की अंतर कळते. पाच गाड्या आपापल्या लयीत लखलखत असल्या की यातले काहीच साधत नाही. माझे मत विचाराल तर घटनास्थळी पोहोचलेल्या प्रत्येक गाडीने सगळे दिवे चालू ठेवण्याची पद्धत बंद व्हायला हवी. वाहतुकीच्या तोंडाशी असलेल्या एका गाडीचे मागचे दिवे चालू राहावेत, आडोशाला असलेल्यांचे बहुतेक दिवे विझवावेत. आणि समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत घुसणारे हेडलाइट तर सर्वांत आधी बंद करावेत. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ही एक सवयही मोठा अपघात टाळू शकते.

गाडी कुठे आणि कशी उभी केली, हे दिव्याइतकेच महत्त्वाचे आहे. परदेशी अग्निशमन दलांत नियम असा की सर्वांत जड गाडी वाहतूक आणि घटनास्थळ यांच्या मध्ये, थोडी तिरकी उभी करायची. तिची पुढची चाके जखमींपासून दूर वळवून ठेवायची, म्हणजे मागून धडक बसलीच तर ती माणसांच्या अंगावर न जाता बाजूला ढकलली जाईल. बंबात 4500 लिटर पाणी असेल तर नुसत्या पाण्याचेच वजन साडेचार टन होते. ती भिंत आहे. रुग्णवाहिका या भिंतीच्या पुढे, तिच्या आडोशाला उभी राहावी, कारण तिचे मागचे दार उघडणार असते आणि त्या दाराशीच सगळी धावपळ होणार असते. आपल्याकडे बहुतेक वेळा रुग्णवाहिकाच आधी पोहोचते. मग तीच नकळत भिंत बनते, आणि तिच्या मागच्या दाराशी वाकलेला कर्मचारी भिंतीच्या चुकीच्या बाजूला असतो. बंब किंवा पोलिसांची मोठी गाडी आली की जागांची अदलाबदल करावी, याला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे खर्च करण्याचा अधिकार घटनास्थळी कुणाला आहे, हे आधी ठरलेले असले पाहिजे.

आपला कायदा दिव्यांबद्दल बोलतो तो मुख्यतः दिवा कुणाचा, या बाजूने. मराठीत ‘लाल दिव्याची गाडी’ म्हटले की डोळ्यांसमोर मंत्री यायचे, रुग्ण नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2013 मध्ये अभय सिंह खटल्यात या दिव्यांच्या सुळसुळाटाला आवर घातला, आणि 1 मे 2017 पासून केंद्र सरकारने मान्यवरांच्या गाड्यांवरचे दिवे उतरवले. लाल, निळा, पांढरा असा बहुरंगी दिवा आता अग्निशमन, पोलीस आणि आपत्ती निवारण अशा कामांपुरता उरला आहे. हे फार चांगले झाले. दिवा दिसला की खरेच कुणाचा तरी जीव टांगणीला आहे, असा विश्वास लोकांना वाटला तरच ते वाट देतात. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 194 ई हे कलम आले. आपत्कालीन वाहनाला वाट न दिल्यास 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण हे सगळे धावत्या गाडीसाठी आहे. थांबलेल्या गाडीजवळून जाताना वेग कमी करा, शक्य असेल तर एक लेन सोडून चाला, असा नियम अमेरिकेतल्या राज्यांनी एकामागून एक केला. 1996 मध्ये साउथ कॅरोलायना त्यात पहिले होते. आपल्याकडेही तो ठळकपणे लिहिला जावा, आणि वाहन परवान्याच्या परीक्षेत विचारला जावा.

आता भोंगा. त्याआधी बंबाला पितळी घंटा असायची, ती हाताने वाजवत जवान निघत. सायरन तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, पण त्याची मर्यादाही आपण समजतो त्यापेक्षा जवळ आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. गाडीपासून तीन मीटरवर 120 डेसिबल असलेला सायरन शंभरेक मीटरवर 90 वर येतो. काचा बंद असलेल्या मोटारीत त्यातले 25 ते 30 डेसिबल बाहेरच राहतात. आत वातानुकूलन आणि गाणी चालू असतील तर उरलेला आवाज त्यातच विरतो. ताशी 60 ने येणारी रुग्णवाहिका ते शंभर मीटर सहा सेकंदांत कापते. शिवाय आवाज कुठून येतो हे ओळखताना कान खालच्या स्वरांसाठी दोन कानांत पोहोचण्याच्या वेळेतला फरक वापरतो, वरच्या स्वरांसाठी तीव्रतेतला. लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्ये हा सिद्धांत मांडला. सायरनचा स्वर बराचसा या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात फिरतो, जिथे दोन्ही खुणा कच्च्या असतात. चौकात सायरन ऐकून गोंधळलेला चालक म्हणूनच बेफिकीर असेल असे नाही. त्याला खरोखरच दिशा कळलेली नसते.

घटनास्थळी मात्र भोंग्याचे काम संपलेले असते. तिथे तो वाजत राहिला तर जवानांना एकमेकांचे आणि बिनतारी संचावरचे बोलणे ऐकू येत नाही, जखमी घाबरतो, बघ्यांची गर्दी वाढते. काही ठिकाणी तर शांतता हेच बचावाचे हत्यार असते. इमारत कोसळल्यावर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान मध्येच सगळी यंत्रे बंद करायला लावतात आणि ढिगाऱ्याला कान देतात. कुणी कण्हते आहे का, कुणी आतून ठोकते आहे का. ऑगस्ट 2020 मध्ये महाडची तारिक गार्डन इमारत कोसळली, तेव्हा चार वर्षांचा एक मुलगा अठरा-एकोणीस तासांनी जिवंत निघाला. छत्तीसगडमध्ये जून 2022 मध्ये जांजगीर-चांपा जिल्ह्यातल्या पिहरीद गावी बोअरवेलमध्ये पडलेल्या मुलाला शंभराहून अधिक तासांनी बाहेर काढले. त्या मुलाला ऐकू-बोलता येत नव्हते. त्याला हाक मारून धीर देणे शक्यच नव्हते, म्हणून सगळी भिस्त खाली सोडलेल्या कॅमेऱ्यावर राहिली. बाहेर आणल्यावर मात्र बिलासपूरच्या रुग्णालयापर्यंत रस्ता मोकळा ठेवण्यात आला. तिथे दिव्या-भोंग्याला पुन्हा त्यांचे मूळ काम मिळाले.

भोंग्याच्या कर्कशपणाबद्दल नितीन गडकरी यांनी ऑक्टोबर 2021 मध्ये नाशिकच्या कार्यक्रमात एक कल्पना मांडली होती: रुग्णवाहिका आणि पोलिसांच्या सायरनऐवजी आकाशवाणीच्या धूनसारखे काही मधुर वाजावे. रुग्णालयाशेजारी राहणाऱ्यांना ती पटेल. मला तिच्यातला त्रास कमी करण्याचा हेतू रास्त वाटतो, पण उपाय पटत नाही. सायरन कानाला खुपतो म्हणूनच रहदारीच्या गोंगाटातून वर येतो. धून त्या गोंगाटात मिसळून जाईल. त्रास कमी करायचा तर सायरन गरजेपुरताच वाजवावा. रिकामी परतणारी गाडी, रुग्णालयाच्या फाटकाशी पोहोचलेली गाडी, घटनास्थळी उभी गाडी, यांनी तो बंद ठेवावा. निम्मा गोंगाट तिथेच थांबेल.

भिलाईसारख्या पोलादनगरीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. 9 ऑक्टोबर 2018 रोजी पोलाद प्रकल्पाच्या कोक ओव्हन विभागात वायुवाहिनीच्या देखभालीचे काम चालू असताना आग भडकली. पहिल्याच दिवशी नऊ जणांचा मृत्यू झाला, नंतर ही संख्या वाढली. त्याआधी 12 जून 2014 रोजी त्याच प्रकल्पात विषारी वायूच्या गळतीने सहा जणांचा बळी घेतला होता. कोक ओव्हनच्या वायूत हायड्रोजन आणि मिथेन भरपूर असतात आणि ठिणगी मिळाली की तो पेट घेतो. अशी गळती असेल तिथे रुग्णवाहिका आणि बंब स्वतःच ठिणगीचे उगम ठरू शकतात: गरम इंजिन, दिव्यांची जोडणी, भोंग्याचा स्विच. त्यांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूला, दूर थांबायचे असते. माणसाने पुढे जायचे ते योग्य उपकरणे घेऊनच. इथे दिवा जितका मागे राहील तितके चांगले.

आणि कधी गरज असते ती उलट, भरपूर स्थिर उजेडाची. 9 एप्रिल 2024 च्या रात्री दुर्ग जिल्ह्यातल्या कुम्हारीजवळ कामगारांना घरी नेणारी बस मुरमाच्या खोल खाणीत कोसळली आणि किमान 12 कामगार गेले. खड्ड्यात उतरून पत्रा कापणाऱ्या माणसाला वरून लुकलुकणारे लाल-निळे दिवे काही कामाचे नसतात. त्याच्या हाताची सावलीच दर क्षणाला हलत राहते. त्याला हवा असतो दोन बाजूंनी पडणारा, न हलणारा पांढरा प्रकाश, म्हणजे उंच खांबावरचे, खाली कामाकडे वळवलेले दिवे. ते रस्त्याच्या दिशेने मात्र झाकलेले हवेत, नाहीतर वरून जाणारा पुढचा चालक दिपून जाईल.

जखमी निघून गेले की सगळे सैल होतात, आणि धोका तेव्हाच पुन्हा वाढतो. रुग्णवाहिका गेली, गर्दी पांगली, पण क्रेनने गाडी ओढायची आहे, काचा झाडायच्या आहेत, सांडलेल्या डिझेलवर वाळू टाकायची आहे. या वेळेत मागचा आडोसा आधी हलवायचा नसतो. शंकू उचलताना घटनास्थळाजवळचे आधी, सर्वांत लांबचे शेवटी, आणि उचलणाऱ्याचे तोंड कायम येणाऱ्या गाड्यांकडे. भिंतीसारखी उभी असलेली जड गाडी सर्वांत शेवटी निघते. रस्त्यावरचा शेवटचा माणूस गाडीत बसून दार लागल्यावरच चालकाने तिचे इशाऱ्याचे दिवे बंद करायचे असतात.